शशिकलाताईंचा पाय आणि बेळगावचे बारा दिवस

गोकाकचा धबधबा कसा आहे, ते मला सांगता येणार नाही. अकोल्याहून निघाले होते त्याच्यासाठीच. पण तिथं पोचायच्या आधीच आम्हाला उलट बेळगावला न्यावं लागलं, आणि तेही ॲम्ब्युलन्समधून. बेळगावचा किल्ला मी रिक्षातून, बाहेरून पाहिला. तेव्हा त्या भागात फिरायला जायचं असेल त्यांना माझ्या लिहिण्याचा फारसा उपयोग नाही. मला तिथला एका दवाखान्याचा दुसरा मजला माहीत आहे, समोरचं चहाचं हॉटेल माहीत आहे आणि अनगोळपासून त्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता माहीत आहे. तेवढंच सांगते.

निपाणी

शशिकलाताई माझ्या विहीणबाई. माझी मुलगी रेवती आणि त्यांचा मुलगा प्रशांत यांचं लग्न चार वर्षांपूर्वी निपाणीत झालं. आमच्या घरातून त्या लग्नाला कोणी गेलं नव्हतं. कारण जातीचं होतं. दुसरं काही होतं असं आता सांगण्यात अर्थ नाही. विरोध माझ्या यजमानांचा होता आणि मी गप्प राहिले होते, म्हणजे माझाही होताच. पुढं मुलं कॅनडाला गेली, यजमान वारले, आणि अकोल्याच्या घरात मी एकटी उरले. तेव्हापासून शशिकलाताई दर रविवारी फोन करायच्या. जेवलात का, गुडघा कसा आहे, एवढंच विचारायच्या. लग्नाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि त्या काढत नाहीत याचं मला ओझं व्हायचं.

या जानेवारीत म्हणाल्या, "मंदाताई, या आता. मी रिटायर होऊन दोन वर्षं झाली, घरात बसून कंटाळा आलाय. गोकाक बघू, बेळगावला दोन दिवस राहू. गाडी माझी हाय."

गाडी खरोखरच त्यांची होती, आणि चालवायलाही त्याच. अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकलेल्या. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे निपाणीच्या रस्त्यावर दर शंभर पावलांवर कोणीतरी "बाई" म्हणून थांबवायचं. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. ती वखार त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी दाखवली. अभिमानानं नाही, आणि लाजूनही नाही. पोस्ट ऑफिस दाखवावं तशी. गल्लीत शिरलं की अजून तो वास येतो. माझं डोकं दुखलं, त्यांना काही जाणवलं नाही.

दोन दिवस मी त्यांच्या हातचं जेवले. आमच्याकडे ठेचा करतात, तिथं खर्डा. मिरची तीच, पण तो खलबत्त्यात न घालता तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडतात. मी ज्वारीची भाकर म्हणाले की त्या हसून भाकरी म्हणायच्या. बैठकीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याशेजारी माझ्या मुलीच्या लग्नाचा फोटो. मी तो फोटो तिथंच पहिल्यांदा पाहिला. त्या आत भांडी घासत होत्या. मला वाटतं, मला तो एकटीला बघता यावा म्हणूनच आत गेल्या होत्या.

संकेश्वरच्या अलीकडे

मंगळवारी सकाळी साडेआठला निघालो. तवंदीचा घाट उतरलो. ऊसतोडीचे दिवस होते, रस्त्याला सगळीकडे उसाचे ट्रॅक्टर. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, आणि ऊस बाजूंनी हातभर बाहेर आलेला. शशिकलाताई सांगत होत्या की जानेवारीत धबधब्याला पाणी फार नसतं, पण झुलता पूल बघण्यासारखा आहे. वाक्य पुरं झालं नाही. डाव्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून एक ट्रॅक्टर वर आला. तो टाळायला त्यांनी गाडी उजवीकडे घेतली आणि ती समोरूनच दुभाजकाच्या कठड्यावर आदळली. स्टिअरिंगसकट त्यांच्यापुढचा भाग आत घुसला.

मला भुवईला तीन टाके पडले आणि डावं मनगट मुरगळलं. माझं एवढंच. त्यांना बाहेर काढायला लोकांना पाऊण तास लागला. शुद्धीवर होत्या. मला म्हणाल्या, "तुम्हाला लागलं का हो?" त्यांची डावी मांडी मध्येच वळली होती, जिथं वळायची जागा नाही तिथं. संकेश्वरात पाय फळीला बांधून सलाइन लावलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटात रक्तस्राव दिसतोय, थांबू नका, बेळगावला न्या.

बेळगाव, मंगळवार

अकरा-साडेअकराला पोचलो. नर्सनं माझ्यासमोर कागद धरला. "पेशंटचे कोण तुम्ही?"

"विहीण."

ती शेजारणीला कानडीत म्हणाली, "बीगरू." तो शब्द मी तिथं शिकले. दोघींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला कळलं: सही चालेल की नाही, हा प्रश्न. मी प्रशांतला फोन लावला. तिकडे मध्यरात्र असावी. तो म्हणाला, "तुम्ही करा सही, आई." मी सही केली.

तासाभरात त्यांचे धाकटे भाऊ आले. सदलग्याला राहतात, बस डेपोतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माझ्या टाक्यांकडे बघून म्हणाले, "तुम्ही बसा ताई. मी आलोय न्हवं." आणि स्वतः खुर्चीवर बसून रडायला लागले.

हाडांचे डॉक्टर पंचेचाळिशीचे, अंगानं किरकोळ, मराठी कानडी हेल काढून बोलणारे. त्यांनी आम्हाला उभ्या उभ्याच सांगितलं. पोटात प्लीहा फुटली आहे, ती आत्ता काढावी लागेल. डाव्या बाजूच्या पाच बरगड्या मोडल्यात आणि आतलं फुप्फुस ठेचलंय. मांडीचं हाड मधोमध तुटलंय.

"मग मांडीत रॉड टाकणार?" अण्णांनी विचारलं. त्यांच्या शेजाऱ्याला टाकला होता.

"आज न्हाय टाकणार. आज बाहेरून बांधणार. हाडात वर दोन, खाली दोन पिना घालायच्या आणि बाहेरून दांड्यानं जोडायच्या. वीस-पंचवीस मिनिटांचं काम."

"म्हंजे कच्चं काम?"

"व्हय, कच्चंच," डॉक्टर म्हणाले. "नीट करायला मला दोन तास लागतील. त्यांच्याकडं आज दोन तास न्हाईत. रक्त गेलंय, अंग गार पडलंय, रक्त गोठायचं थांबलंय. पोटाचं उरकलं की मी लगेच पिना घालतो आणि बाहेर पडतो."

ते आत गेले. तीन वाजता बाहेर आले तेव्हा शशिकलाताई जिवंत होत्या. काचेतून पाहिलं. तोंडात नळी, आणि मांडीवर चादरीच्या वर उभा राहिलेला तो लोखंडी सांगाडा. घर बांधताना बाहेरून परांची बांधतात तसा.

अनगोळ

राहायची सोय अनगोळात झाली. शशिकलाताईंची एक जुनी विद्यार्थिनी, कावेरी, तिथं वकिली करते. तिनं आपली पुढची खोली मला दिली. "बाईंनी मला अकरावीला फॉर्म भरून दिलाता," एवढंच कारण तिनं सांगितलं. सकाळी ती कोर्टात जायची आणि जाताना डबा माझ्या हातात द्यायची. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी भरली वांगी. ती कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि आठवडाभर टिकते. आमच्याकडे हा प्रकार नाही. मला आवडली, पण चावताना टाके ओढायचे.

बेळगावला जानेवारीत चांगलीच थंडी असते. सकाळी आठला धुकं असतं आणि दुकानांवरच्या पाट्या मोठ्या अक्षरात कानडीत असतात, त्यामुळे पहिले दोन दिवस मी रिक्षावाल्याला डॉक्टरांचं नाव सांगत होते आणि तो मला भलत्याच दवाखान्यात नेत होता. बोलणं मात्र सगळं मराठीत. माझं वऱ्हाडी ऐकून एक जण म्हणाला, "मावशी, तुम्ही लई लांबनं आलाय की." मी हो म्हणाले. बोलायचं त्राण नव्हतं.

बुधवारी सकाळी शशिकलाताईंची नळी काढली. ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाल्या, "गाडीचं काय झालं?" अण्णा खूश झाले. नर्सलाही सांगून आले की आक्का बोलली.

त्याच दुपारी प्रशांतचा फोन. कामाच्या परवान्याची मुदत वाढवायला दिलेला त्याचा पासपोर्ट तिकडच्या ऑफिसात अडकला होता, मिळेपर्यंत येता येत नव्हतं, आणि म्हणून तो दिवसभर फोन करत होता. त्याचा पुण्याचा एक मित्र हाडांचा डॉक्टर. "आई, तो म्हणतो रॉड चोवीस तासांत पडायला पाहिजे. बाहेरून पिना घालून ठेवणं जुनं झालं. आमच्या आईला पुण्याला हलवूया का?"

मी पोस्टात छत्तीस वर्षं नोकरी केली. मला यातलं काय कळणार? मी हाडांच्या डॉक्टरांना तसंच विचारलं. वाटलं, चिडतील. ते चिडले नाहीत.

"त्यांचं चुकीचं न्हाय," म्हणाले. "नुसता पाय मोडला असता तर मी पण कालच टाकला असता." त्यांनी माझ्याच डिस्चार्जच्या कागदामागं मांडीचं हाड काढून दाखवलं. "हे आतनं पोकळ, आत मगज भरलेला. रॉड घालायला आत वाट करावी लागते. ते करताना मगजाची चरबी रक्तात शिरते, आणि रक्त पहिल्यांदा जातं फुप्फुसात. चांगलं फुप्फुस ते सोसतं. त्यांचं ठेचलेलं हाय."

"मग थांबायचं किती?"

"तेच तर. लई थांबून पण चालत न्हाय. पिनांच्या भोकातनं जंतू जातात. आणि असं उताणं पडून राहिलं तर कफ साचून फुप्फुस आणखी बिघडतं. रॉड पडला की उठवून बसवता येतं." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "आजचे रिपोर्ट चांगले आलेत. असेच राहिले तर उद्या टाकतो."

गुरुवार

गुरुवारी सकाळी नऊ वाजता शशिकलाताईंना ऑपरेशनला नेलं. अण्णांनी पांढरा शर्ट घातला होता. आम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेतला, मी पडू मागवले. आप्प्यांसारखेच, नारळाच्या चटणीबरोबर. पहिल्यांदा नीट जेवल्यासारखं वाटलं. परत वर आलो तर लिफ्टचं दार उघडलं आणि शशिकलाताईंची खाट बाहेर आली. जेमतेम चाळीस मिनिटं झाली होती. मांडीवरचा सांगाडा तसाच.

अण्णा खाटेच्या आडवे गेले. "झालं का?"

"न्हाय, कॅन्सल," वॉर्डबॉय म्हणाला.

डॉक्टर मागून जिन्यानं आले. अण्णांनी त्यांना तिथंच धरलं. "नेली आणि तशीच परत आणली? पेशंट हाय का गाठोडं? उपाशी ठेवलंय तिला रात्रीपासनं! मी कोल्हापूरला नेतो, आज नेतो."

"टेबलावर उताणं झोपवलं तसा ऑक्सिजन उतरला," डॉक्टर म्हणाले. "भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या आज नको. त्यांचं बरोबर हाय."

"काल तुम्हीच म्हणाला चांगलं हाय म्हणून!"

"म्हणालो." ते भिंतीला टेकले. त्यांचे डोळे लाल होते. मला वाटलं, हा माणूसही झोपलेला नाही. "काल मी घाई केली. काल आकडे चांगले होते, मला लवकर बसवायचं होतं त्यांना. आज करून उपयोग न्हाय. आज केलं तर पाय सरळ होईल, बाकीचं मला सांगता येत न्हाय."

अण्णा माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा. न्यायची का कोल्हापूरला?"

मला खरंच माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसलं की हा डॉक्टर काल चुकलो म्हणतोय. माझ्या आयुष्यात मला असं म्हणणारी माणसं फार भेटलेली नाहीत, आणि मी स्वतः तर कधीच म्हणाले नव्हते. मी म्हटलं, "इथंच राहू द्या." अण्णा माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत.

त्याच संध्याकाळी शशिकलाताईंचा श्वास बिघडला. छाती भात्यासारखी चालत होती, ओठ काळसर. पुन्हा नळी घातली, पुन्हा मशीन. छातीचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसताहेत. सकाळी रॉड टाकला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. अण्णा जिन्यात बसले होते. मी शेजारी बसले. थोड्या वेळानं त्यांनी पिशवीतून कुंदा काढला, सदलग्याहून येताना इथंच स्टँडजवळ घेतलेला, आणि कागद उघडून माझ्यापुढं धरला. तो खव्याचा रवाळ, तपकिरी कुंदा आम्ही दोघांनी तिथं जिन्यात बसून खाल्ला. चव काही लागली नाही.

शुक्रवार ते मंगळवार

या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. भेटायची वेळ सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच, दहा-दहा मिनिटं. बाकी वेळ बाकावर. बाकावरची माणसं बदलत होती. कंग्राळीचा एक शेतकरी होता, त्याचा जावई मोटरसायकलवरून पडलेला. त्यानं मला गूळ-शेंगदाणे दिले आणि त्याच दुपारी जावयाला बरं म्हणून घरी घेऊन गेला. मला त्याचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली. नर्स रोज पिनांच्या भोवतीची जागा पुसायच्या. रविवारी एका पिनेभोवती लाली आली. डॉक्टर ती वाकून बराच वेळ बघत राहिले. थांबायलाही हद्द होती, हे त्या बघण्यावरून कळलं.

मी दहा मिनिटं शशिकलाताईंच्या उशाशी उभी राहायची. नळी होती म्हणून त्या बोलू शकत नव्हत्या, आणि बहुतेक वेळ झोपेच्या औषधात असायच्या. पण कधी कधी डोळे उघडायच्या. मी काय बोलायचे? "बऱ्या व्हाल." "रेवती विचारत होती." "प्रशांत येतोय." याच्यापलीकडे मला सुचायचं नाही. त्या माझ्याकडे नुसत्या बघायच्या आणि डोळे मिटायच्या. मला वाटायचं, औषधाची गुंगी आहे.

मंगळवारी, आठव्या दिवशी, नळी निघाली. फुप्फुसं निवळली होती. लाली थोडी उतरली होती. डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी करू. आता नक्की वेळ झाली. याच्यापुढं थांबलो तर पिनांचा त्रास वाढेल."

बुधवार

आता त्या शुद्धीवर होत्या, म्हणून संमतीचा कागद त्यांच्याकडेच नेला. त्यांनी सही करायला नकार दिला.

अण्णांना वाटलं, घसा बसलाय म्हणून नीट कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. शशिकलाताईंनी नकारार्थी मान हलवली. डॉक्टर आले, त्यांनी समजावलं: पाय तसाच राहिला तर चालता येणार नाही, जंतू हाडात जातील. शशिकलाताईंनी तोंड भिंतीकडे केलं. "नको म्हटलं ना," एवढंच म्हणाल्या. अण्णा हात जोडायला लागले. "आक्का, असं काय करतीस गं? आठ दिवस आम्ही कशासाठी बसलोय?"

मी त्या दोघांना बाहेर जायला सांगितलं. का ते मला माहीत नाही. इतक्या दिवसांत मी कोणाला काही करायला सांगितलं नव्हतं.

स्टूल ओढून बसले. मग त्या भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "मंदाताई, मला खरं सांगाल?"

"सांगेन."

"माझं आता काही खरं नाही, असं त्यांनी कधी ठरवलं?"

मला कळेना. "कोणी ठरवलं?"

"त्या दिवशी मला नेली. टेबलावर घातली. लाइट लावला. आणि त्या बाई म्हणाल्या, आज नको. डॉक्टर म्हणाले, करून उपयोग न्हाय. मी ऐकलं. आणि परत आणून ठेवली." त्या थांबल्या, दम लागला होता. "उपयोग न्हाय म्हणजे काय, ते मला कळतं. माझ्या आईचं असंच केलतं, दवाखान्यातनं परत पाठवली होती. त्यानंतर तुम्ही सगळे येता, बऱ्या व्हाल म्हणता. कुणी पायाबद्दल अवाक्षर काढत नाही. मी समजले. आता कशाला परत चिरफाड? मला निपाणीला न्या. घरी जाऊ दे."

सहा दिवस. गुरुवारी लिफ्टच्या दारात आम्ही तिघं त्यांच्या खाटेवरून भांडलो होतो. पुण्याचा डॉक्टर, कोल्हापूर, घाई, उशीर, आकडे, हे सगळं आम्ही त्यांच्या पायांशी उभं राहून बोललो होतो. आणि त्या जाग्या होत्या. पाय त्यांचा होता. त्यांना सांगायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. डॉक्टरांच्या नाही, भावाच्या नाही, आणि रोज दोनदा उशाशी उभी राहणाऱ्या माझ्याही नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं तसंच, पोकळ हाडापासून. मगज, चरबी, फुप्फुस. टेबलावर ऑक्सिजन कसा उतरला. 'आज करून उपयोग न्हाय' यातला 'आज' हा शब्द किती महत्त्वाचा होता. संध्याकाळी नळी का घालावी लागली. सोडून दिलं म्हणून थांबले नाहीत, वाचवायचं होतं म्हणून थांबले. सांगताना मी दोनदा चुकले, डावं-उजवं केलं. त्यांनी हळूहळू तोंड माझ्याकडे वळवलं. शाळेत एखादी मुलगी धडा म्हणून दाखवते तसं त्या ऐकत होत्या.

"हे तुम्हाला सगळं माहीत होतं?" शेवटी विचारलं.

"हो."

"आणि सांगितलं नाही."

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "गप्प राहायची मला सवय आहे. चार वर्षांपूर्वीही राहिले होते. तेव्हाही चुकलं होतं माझं."

त्या माफ केलं म्हणाल्या नाहीत, आणि मीही तशी अपेक्षा धरली नव्हती. माझ्या मनगटाच्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चष्मा द्या माझा. कागद वाचल्याशिवाय मी सही करत नाही."

संमतीचा कागद त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचला. एका ओळीत शुद्धलेखनाची चूक होती, ती अण्णांना बोलावून दाखवली. मग सही केली.

गुरुवार ते शनिवार

गुरुवारी दोन तास दहा मिनिटं लागली. रॉड बसला. बाहेरचा सांगाडा निघाला, पिनांच्या जागी चार पट्ट्या राहिल्या. रात्रभर फुप्फुसांवर लक्ष ठेवलं, ती ठीक राहिली. पासपोर्ट एकदाचा हातात पडला आणि शुक्रवारी प्रशांत आला, विमानतळावरून सरळ. आईचे पाय धरून बसला. त्या म्हणाल्या, "डावा नको धरूस रं."

शनिवारी सकाळी त्यांना वॉकर देऊन उभं केलं. तीन पावलं. घामानं थबथबल्या. डावा पाय किंचित आखूड वाटतोय म्हणाल्या. डॉक्टरांनी पट्टी लावून मोजला, खरंच थोडा आखूड निघाला. चपलेत जाड तळ घालावा लागेल, गुडघा नीट वाकायला महिनोन् महिने जातील, बरगड्या पावसाळ्यात दुखतील. हे सगळं डॉक्टरांनी त्यांनाच सांगितलं, आमच्याकडे न बघता.

दुपारची माझी गाडी होती. दहा-बारा दिवसांत मी धड झोपले नव्हते आणि आता प्रशांत आला होता. कावेरीनं वाटेसाठी डबा दिला. अण्णा स्टेशनवर सोडणार होते. निघताना मी कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांना गाठलं. बुधवारी शशिकलाताईंनी नकार का दिला, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. 'उपयोग न्हाय' हे शब्द त्यांचेच होते, तेही सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. हातातली फाइल उघडली, मिटली. मला वाटलं, दुखावले. मला नमस्कार केला आणि ते आत गेले.

माझी पिशवी शशिकलाताईंच्या खाटेखाली राहिली होती, ती घ्यायला मी परत आत गेले. त्यांच्या पलीकडच्या खाटेवर आदल्या दिवशी आलेला एक ट्रक ड्रायव्हर होता. तोंडात नळी, दोन्ही पायांना बाहेरून पिना, डोळे छताकडे. डॉक्टरांनी कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढलं, त्याच्या डोक्याशी बसले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐकू येतंय न्हवं? डोळे मिटून उघडा. बरं. आज तुमचं ऑपरेशन करणार न्हाय. का न्हाय ते सांगतो."

शशिकलाताई उशीला टेकून तिकडेच बघत होत्या. मला त्यांनी बोट ओठावर ठेवून खूण केली. मी पिशवी उचलली, आणि डॉक्टरांचं सांगून होईपर्यंत आम्ही दोघी तशाच थांबलो.